भिंतीतला शेजार

माणसाला कोणते वेड केव्हा लागेल याचा काही नेम नाही. कुणाला पोस्टाच्या तिकिटांचे लागते, कुणाला गुलाबाच्या कलमांचे, कुणाला बंद पडलेल्या घड्याळांचे. ही मंडळी आपला माल निदान पाहुण्याला दाखवू तरी शकतात. माझ्या वेडाची लांबी आहे चार मिलिमीटर! पाहुणा आला, त्याला मी तुळशीपाशी नेले आणि "ती बघा" म्हटले, की तो बिचारा चष्मा सारखा करतो, वाकतो, पुन्हा चष्मा सारखा करतो आणि अखेर माझ्या समाधानासाठी "वा!" म्हणतो. त्याला दिसलेली असते ती तुळस.

ही चार मिलिमीटरची वस्तू म्हणजे नांगी नसलेली मधमाशी. आमच्या भागात तिला पोयाची माशी म्हणतात. आग्यामाशी कुणाला ठाऊक नाही? तिचे नुसते नाव घेतले तरी माणूस डोक्यावर पंचा ओढून घेतो. सातेरी पेटीत राहते, मध देते, म्हणून तिला मान आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून गेले की महाबळेश्वर तालुका लागतो. तिथल्या मांघरला 2022 साली देशातले पहिले 'मधाचे गाव' म्हणून गौरवले, ते या सातेरीच्या जिवावर. फुलोरी झुडपाच्या फांदीवर एकच इवलेसे पोळे लावून बसते, तेही कुणीतरी पाहिलेले असते. पण पोयाची माशी? ती ना डसते, ना शेरभर मध देते. आणि या जगात जो डसत नाही आणि ज्याच्याकडून फारसे काही मिळत नाही, त्याच्याकडे पाहण्याला सवड आहे कुणाला?

मला ती सवड 2020 साली मिळाली. आदल्याच वर्षी मी नोकरीतून निवृत्त होऊन महाडच्या घरी कायमचा राहायला आलो होतो. निरोप समारंभात सहकाऱ्यांनी दिलेला कॅमेरा कपाटात होता. मुलाने त्याला जोडायचे एक भिंग पाठवले होते. अगदी जवळून फोटो घेण्याचे हे भिंग. त्याला मॅक्रो लेन्स म्हणतात. पुढे टाळेबंदी आली. दाराबाहेर पडायचे नाही, म्हणजे दृष्टीला अंगणाची मर्यादा. सकाळी आठ-साडेआठाला मंजिऱ्यांभोवती काळे ठिपके नाचताना दिसत. चिलटे असतील, असे मी इतकी वर्षे समजत आलो होतो. एक दिवस भिंगातून पाहिले, तर त्या चिलटाच्या मागच्या पायावर परागाची पिवळीधमक टोपली होती. चिलट कशाला टोपली घेऊन बाजाराला निघेल?

तेव्हापासून हा उद्योग सुरू झाला. तो वाटतो तितका सोपा नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. माझ्या कॅमेऱ्यात ज्या पडद्यावर चित्र उमटते, तो सुमारे चोवीस मिलिमीटर रुंद आहे. भिंग वस्तूच्या मूळ आकाराएवढे चित्र उमटवते. म्हणजे ही माशी त्या पडद्याचा जेमतेम सहावा हिस्सा व्यापणार. तेवढ्यासाठी भिंगाचे तोंड तिच्यापासून वीतभराच्याही आत न्यावे लागते. इतक्या जवळून पाहताना स्पष्ट दिसणारा भाग फार तर मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीचा. त्याच्या अलीकडचे धुके, पलीकडचे धुके. डोळा स्पष्ट आला तर पाय धुक्यात जातो. आपण नुसता श्वास घेतला तरी तो मिलिमीटर हलतो. वाऱ्याची झुळूक आली तर मंजिरी सगळा हिशेबच मोडून टाकते. आणि बाईसाहेबांचा मुक्काम एका फुलावर दोन-तीन सेकंदांचा!

मग हळूहळू एकेक युक्ती सुचत गेली. माशीच्या मागे धावायचे नाही. फूल निवडून त्याच्यापाशी बसायचे. पोयाची माशी मंजिरीचा एक मजला आटोपला की वरच्या मजल्यावर जाते, तेव्हा तिच्या आधी आपण वरच्या मजल्यावर जाऊन थांबायचे. आपली सावली फुलावर पडू द्यायची नाही. भिंग अगदी जवळ गेले की उजेड अपुरा पडतो, म्हणून कॅमेऱ्याचा दिवा उडवावा लागतो. पण तो उघडा उडवला तर माशीचे काळे अंग तापल्या तव्यासारखे चकाकते. त्यावर पातळ पांढरा कागद ताणून लावला की उजेड दुधासारखा मऊ होतो. हा कागद आमच्या घरी आकाशकंदिलासाठी आणलेला असतो. त्यामुळे दर दिवाळीत सौ. विचारतात, "अहो, कंदिलाच्या शेपट्यांचा कागद पुन्हा तुमच्या माश्यांनी खाल्ला वाटतं?"

कागद गेला तरी माझ्या पदरात बरेच काही पडले. मोठ्या पडद्यावर ती माशी पाहिली, तेव्हा मला तिच्या पंखांचा शोध लागला. नुसत्या डोळ्यांना ते दिसतही नाहीत. चित्रात मात्र उजेडाचा कोन साधला की त्यांवर हिरवे, तांबूस, निळे रंग सांडलेले दिसतात. साबणाच्या फुग्यावर असतात तसे. सिलोनहून आलेल्या नमुन्यांवरून 1854 साली फ्रेडरिक स्मिथ या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने हिच्या एका जातीचे वर्णन केले, तेव्हा तिच्या नावात 'इरिडिपेनिस' हा शब्द घातला. म्हणजे इंद्रधनुष्याच्या पंखांची. तो शब्द वाचून मला फार आनंद झाला. पावणेदोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी वाकून हेच पाहिले होते! आज शास्त्रज्ञ या माशीला टेट्रागोन्युला म्हणतात. आपल्या देशात तिच्या एकाहून अधिक जाती आहेत आणि त्या इतक्या सारख्या दिसतात, की नुसत्या फोटोवरून अमकी जात असे छातीठोकपणे सांगता येत नाही. त्यासाठी माशी मारून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावी लागते. माझे तिच्या आडनावावाचून काही अडत नाही. शेजाऱ्याला आपण त्याचा शाळेचा दाखला कुठे मागतो?

दुसरा शोध टोपलीचा. काही माश्यांच्या पायांवर पिवळा पराग असे, कोरडा, पिठासारखा. काहींच्या पायांवर मात्र तांबूस, चकचकीत गोळा दिसे. तो पराग नव्हे. तो झाडाचा डिंक किंवा राळ. आंब्याच्या सालीतून पाझरलेला डिंक ही माशी चिमटीचिमटीने खुडते आणि पायावर लादून घरी नेते. मेणात राळ कालवून तिचे सारे बांधकाम चालते. भिंतीच्या फटीत नाहीतर झाडाच्या ढोलीत तिचे घर असते आणि दाराला या मिश्रणाची एक नळी असते, करंगळीएवढी. नळीच्या तोंडाशी पहारेकरी बसतात. आत सातेरीसारखे षट्कोनी पोळे नसते; मेणाची लहान लहान गाडगी असतात, काहींत मध, काहींत पराग. मधही आंबटगोड, पातळ, आणि साऱ्या वर्षाचा मिळून पावशेर-अर्धा शेर. केरळात या मधाला चेरुतेन, म्हणजे छोटा मध, म्हणतात आणि औषधासाठी या माश्या बांबूच्या नळ्यांत नि मडक्यांत पाळतात. तिकडे सातासमुद्रापलीकडे मेक्सिकोतले माया लोक अशाच नांगी नसलेल्या मोठ्या माश्या पोकळ ओंडक्यांत शतकानुशतके पाळत आले आहेत.

माशी जवळून पाहण्याचे वेडही जुनेच आहे. सूक्ष्मदर्शकातून पाहून काढलेली जी अगदी पहिली चित्रे छापली गेली, ती मधमाश्यांची होती. इटलीत, 1625 साली. आणि फोटोच म्हणाल, तर निसर्गाने तो कितीतरी आधी घेऊन ठेवला आहे. अमेरिकेत न्यू जर्सी येथे सापडलेल्या अंबराच्या खड्यात एक नांगी नसलेली माशी जशीच्या तशी अडकलेली आहे. 1988 साली तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. पृथ्वीवर डायनोसॉर होते त्या काळातली ही माशी. बहुधा राळ खुडायला गेली आणि राळेतच राहिली. साडेसहा कोटी वर्षे हललेली नाही! असा निश्चल विषय कोणत्या फोटोग्राफरला मिळाला असेल?

पण हे सारे कौतुक चालू असताना मला त्या माशीची एक गोष्ट कळली आणि तेव्हापासून मी तिच्याकडे नुसता फोटोचा विषय म्हणून पाहू शकलो नाही. आग्यामाश्या ऋतू पालटला की मुक्काम हलवतात. सातेरीला मुंग्यांचा, माणसांचा फार जाच झाला तर सारे कुटुंब पोळे टाकून उडून जाते. पोयाच्या माशीला ते जमत नाही. तिची राणी एकदा अंडी घालू लागली, की तिचे पोट इतके फुगते की तिला पुन्हा उडता येत नाही. नवे घर करायचे तर मुली आधी जागा शोधतात, आईच्या घरून मेण, राळ, मध थोडा थोडा वाहून नेऊन ते सजवतात आणि मग एखादी तरुण राणी तिकडे नांदायला जाते. लेकीची पाठवणीच ती! जुनी राणी मात्र आहे त्या भिंतीत राहते. भिंत तिची आणि ती भिंतीची.

22 जुलै 2021 च्या रात्री सावित्रीचे पाणी महाडात शिरले. गावाचे तळमजले बुडाले. माणसे माळ्यावर, गच्चीवर, जिथे उंच जागा मिळेल तिथे चढून बसली. त्याच दिवशी आमच्या तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूरकडेही दरडींनी बळी घेतले. त्या दिवसांत माशीचा विचार कुणाच्या मनात येणार? माझ्याही आला नाही. चिखल उपसता उपसता पंधरवडा गेला. नंतर एका सकाळी आमच्या आळीतल्या एका जुन्या घराच्या जोत्याकडे माझे लक्ष गेले. तिथल्या दगडांच्या फटीत पोयाची एक नळी होती. मी तिचे किती फोटो घेतले होते! फट चिखलाने लिंपून गेली होती. मी कित्येक दिवस येता-जाता पाहत राहिलो. कुणी बाहेर आले नाही. गावातल्या माणसांना वर जायला माळा होता. त्या राणीला पंख असून उडणे नव्हते.

त्याच पावसात पोलादपूरजवळच्या आमच्या गावच्या घराला तडा गेला. घर शंभर वर्षांचे, दगडमातीच्या भिंतींचे, कौलारू. थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणतो, आणि वहिनी तिथे राहतात. तळियेची बातमी ऐकल्यापासून पाऊस वाढला की वहिनींचा डोळा लागत नसे. घर पाडून सिमेंटचे बांधायचे, हे ठरायला दोन वर्षे गेली. पुतण्याने पैशाची जुळवाजुळव केली आणि 2024 च्या फेब्रुवारीत मिस्त्री आला. या घरात माझा जन्म झाला असला, तरी ते पाडू नका असे म्हणायला माझी जीभ रेटली नसती. माणसे सुखाने झोपली पाहिजेत.

प्रश्न निघाला तो मागच्या पडवीच्या भिंतीचा. त्या भिंतीत पोय होती. पुतण्या म्हणाला, "काका, पाडताना गडी लोकांच्या कानात, केसांत शिरतात त्या. आदल्या दिवशी औषध फवारून घेऊ."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. नांगी नसली तरी घरावर हात पडला की ही माशी चावते, केसांत गुरफटते, कानात घुसते. मी माझे शास्त्र सांगू लागलो. नारळ-भोपळ्याला या माशीचा कसा उपयोग होतो, तिची राणी कशी उडू शकत नाही. खिशातून तिचे फोटोही काढले. दादांनी एक फोटो लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "अरे, फोटो झकास आहे. पण गडी फोटो बघून भिंत पाडणार नाहीत."

तेव्हा वहिनी आतून बाहेर आल्या. म्हणाल्या, "औषध मारायचं नाही. सासूबाई दर दिवाळीला ही भिंत पोतारायच्या, पण त्या नळीवरून त्यांनी कधी हात फिरवला नाही. भोवतीनं चुन्याचं बोट ओढायच्या. मी या घरात आले त्या वर्षी मला दाखवून ठेवलंय, की इथे पोतेरं मारायचं नाही, ती घरातलीच आहेत. भावोजी, तुम्हांला ठाऊक नाही?"

मला ठाऊक नव्हते. पुरुषांना घराच्या मागच्या भिंतीची वार्ता कुठे असते? मी भिंतीपाशी जाऊन पाहिले. नळीभोवती चुन्याची वर्तुळे एकावर एक बसून जाड कडे झाले होते. आईचे आणि आईनंतर वहिनींचे. आईने कधी भिंग हातात धरले नाही. तिला पंखांवरचे रंग ठाऊक नव्हते, टेट्रागोन्युला ठाऊक नव्हती. पण कुठे हात थांबवायचा हे तिला पक्के ठाऊक होते. एवढे कळण्यासाठी मला एक कॅमेरा, एक भिंग आणि चार वर्षे लागली होती.

मग सारेच कामाला लागले. लाकडी फळ्यांचा एक लहानसा खोका केला, त्याला पुढे भोक पाडले. मिस्त्रीला सांगितले की आधी बाकीच्या भिंती घे, ही शेवटी. दिवेलागणीला, सगळ्या माश्या घरी परतल्यावर, डोक्याला फडके गुंडाळून त्याने एकेक दगड असा काढला की जणू डबीतून दागिना काढतो आहे. आत वीतभर पोकळीत तपकिरी मेणाची गाडगी आणि त्यांच्या मध्ये द्राक्षांच्या घोसासारखा अंड्यापिल्लांचा पुंजका. राणी सापडल्याशिवाय हे सारे व्यर्थ होते. एवढे दिवस मिलिमीटरच्या हिशेबात घालवले होते, ते त्या घटकेला कामाला आले. बॅटरीच्या उजेडात त्या काळ्या गर्दीत फुगल्या पोटाची, फिक्या रंगाची एक संथ चाल मला दिसली. तो पुंजका राणीसकट खोक्यात ठेवला. शाबूत होती तेवढी गाडगी भोवती ठेवली; फुटली ती मात्र ठेवली नाहीत, सांडलेल्या मधावर मुंग्या येतात. नळी जपून सोडवली आणि खोक्याच्या भोकावर चिकटवली. भिंत होती त्याच जागी खांब रोवून, त्याच उंचीवर, त्याच तोंडाने खोका बांधला. पुतण्या म्हणाला, "काका, घराला वास्तुशांत नंतर, पहिला गृहप्रवेश यांचा!"

नुसत्या माश्या ये-जा करतात म्हणून संसार टिकला, असे होत नाही. पराग आत जाऊ लागला म्हणजे समजावे, की आत पिल्लांसाठी जेवण रांधले जाते आहे. मी रोज महाडहून फोन करी. "आज नुसती राळ नेतात," वहिनी सांगत. "आज मेलेल्या बाहेर टाकल्या." एकोणिसाव्या दिवशी त्यांनीच फोन केला, "भावोजी, पिवळं नेतायत. भोपळ्याच्या फुलावरनं."

नवे घर उभे राहिले. माणसे पावसात निवांत झोपली. खोका आता नव्या पडवीच्या खांबाला आहे. नव्या भिंतीला रंग लागतो, पोतारणे संपले. तरी वहिनींनी दिवाळीच्या आधी त्या खोक्याच्या भोकाभोवती चुन्याचे बोट ओढले. लाकडावर ते नीट बसले नाही. त्या म्हणाल्या, "बसेल हळूहळू."

आमच्या या भागात जुनी घरे आता भराभर पडत आहेत, आणि पडायलाच हवीत. कोणत्या भिंतीत कोण राहते, हे पाडणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल? मध्यंतरी एका दुपारी मिस्त्रीचा फोन आला. दुसऱ्याच कुठल्या वाडीत त्याने काम घेतले होते.

"काका, हितं चुलीमागच्या भिंतीत तुमची माशी हाय. मालक म्हणतोय, धूर करून टाक. काय करू?"

मी म्हटले, "ती भिंत शेवटी घे. दिवस मावळल्यावर. मी खोका घेऊन निघालोच."

सौ. आकाशकंदिलाच्या काड्या बांधत बसल्या होत्या. त्यांनी काही विचारले नाही. उठून डोक्याला बांधायचे फडके आणि बॅटरी तेवढी माझ्या पिशवीत टाकली.